निकालाची तारीख

माझी आत्या जुन्या मध्य प्रांतातील एका जिल्ह्याच्या गावी राहते. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. आत्या आता ८४ वर्षांची आहे, घरात एकटी असते, आणि तिच्या मराठीला हिंदीचे वळण पडलेले आहे. २०२४ च्या डिसेंबरात तिचा फोन आला. चुलत घराण्यातील नातवंडांनी घराच्या मागच्या निम्म्या भागावर हक्क सांगणारा दावा लावला होता.

"अरे, हे सगळं दादांच्या वेळेला होऊन गेलंय. नागपूरपर्यंत गेलं होतं ते," ती म्हणाली. "वकीलसाहेब म्हणतात, कागद आणा." थोडे थांबून तिने पुस्ती जोडली, "आणि दादांची जबानी मिळते का बघ. दोन दिवस उभे होते ते पिंजऱ्यात. मला आत जाऊ दिलं नव्हतं."

दादा म्हणजे माझे आजोबा. वकिलांचे म्हणणे बरोबर होते. एकदा निकालात निघालेला वाद त्याच पक्षकारांत, किंवा त्यांच्या वारसांत, पुन्हा चालवता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ सांगते. परंतु असा निकाल झाला होता हे सिद्ध करण्यासाठी त्याची प्रमाणित नक्कल लागते, आणि पुढील तारखेस सात आठवडे उरले होते. घरात सापडला तो एका वकिलाच्या पत्राचा अर्धा कागद. त्यावर नागपूर उच्च न्यायालयातील १९५५ च्या द्वितीय अपिलाचा क्रमांक होता. एवढाच.

दिल्लीत बसून प्रथम मी संगणक उघडला. ई-कोर्ट प्रकल्प २००७ पासून चालू आहे आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. आज चालू असलेल्या कोणत्याही जिल्हा न्यायालयातील प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा एक क्रमांक असतो: दोन अक्षरे राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा अंक अनुक्रमाचे आणि चार वर्षाचे. तो क्रमांक हाती असेल तर बंगळूर काय किंवा बोस्टन काय, पुढची तारीख घरबसल्या कळते. आत्यावरचा नवा दावा मला दोन मिनिटांत सापडला. दूर राहणाऱ्या वाचकांनी गावाकडच्या प्रकरणाचा हा क्रमांक वकिलाकडून आजच मागून घ्यावा. तो नसेल तर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधावे लागते, आणि तेथे आपली नावे दगा देतात. आजोबांच्या नावात ‘ळ’ होता. हिंदी कागदात त्याचा ‘ल’ झाला, आणि इंग्रजीत तर त्याची तीन निरनिराळी रूपे आढळली.

जुने प्रकरण मात्र त्या यंत्रणेत नव्हते, आणि मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यास सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्याच्या ७,२१० कोटी रुपयांपैकी दोन हजार कोटींहून अधिक रक्कम जुन्या व चालू अभिलेखांच्या अंकीकरणासाठीच आहे. काम चालू आहे. आमचा बस्ता त्या रांगेत कुठे होता कोण जाणे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. तो मार्ग बंद आहे. गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिले की, न्यायिक अभिलेखाच्या नकला त्या त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मिळवायच्या. जो पक्षकार नाही त्याने कारणासह अर्ज व प्रतिज्ञापत्र द्यायचे. हे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. नियम आहेत आणि ते पुरेसे स्पष्टही आहेत. आत्याचे अधिकारपत्र आणि वारस असल्याचे प्रतिज्ञापत्र घेऊन जानेवारीत मी रजा टाकली आणि गाडीत बसलो.

नक्कल विभागाच्या छापील अर्जात पाच रकाने होते. चार मी भरले. पाचवा होता निकालाच्या तारखेचा. बाहेरच्या वडाखाली बसलेल्या वृद्ध अर्जनविसाने माझा कागद पाहिला आणि चष्म्यावरून म्हटले, "साहब, नंबर से कुछ नहीं मिलेगा. फैसले की तारीख लाइए."

कारण असे की, निकाली निघालेली मिसल अभिलेख कक्षात जाते ती दावा कधी दाखल झाला यावरून नव्हे, तर त्याचा निकाल कधी लागला यावरून. त्या महिन्याच्या बस्त्यात ती बांधली जाते. पेशवे दफ्तराचे रुमाल पाहिलेल्याला हा लाल कापडाचा संसार परका वाटणार नाही. कक्षाच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. जागा लागते तशी मांडणी होत जाते. पण नातवाला आजोबांच्या दाव्याच्या निकालाची तारीख कशी ठाऊक असणार? ती नोंदवहीत असते. नोंदवही पाहण्यास अर्ज लागतो. आणि अर्जात निकालाची तारीख भरावी लागते.

जॉर्ज स्टिगलर यांचा माहितीच्या अर्थशास्त्रावरील १९६१ चा निबंध आम्हाला एम.ए.ला होता. शोध घेण्यालाही खर्च असतो, हा त्याचा गाभा. परीक्षेत मी त्यावर चार पाने लिहिली होती. वडाखालच्या त्या गृहस्थाचा चरितार्थ त्याच खर्चावर चालत होता, आणि माझ्याकडून घेतलेल्या दोनशे रुपयांत त्याने मला त्या निबंधापेक्षा अधिक उपयोगी गोष्ट सांगितली: वरून खाली या. अपिलाच्या नोंदवहीत ज्या हुकूमनाम्यावर अपील झाले त्याचे न्यायालय आणि मूळ दाव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. १९५५ चे द्वितीय अपील, म्हणजे त्याआधीचे प्रथम अपील येथल्याच जिल्हा न्यायाधीशांपुढे वर्ष-दोन वर्षे आधी चाललेले असणार. ती वही पाहिली की मूळ दावा सापडतो. दाव्याच्या क्रमांकापुढे ‘अ’ असेल हेही त्याने सांगितले. तिकडे मालकीहक्काचे दावे ‘अ’ वर्गात आणि पैशाचे ‘ब’ वर्गात धरण्याची जुनी रीत आहे.

नागपूरला जावे लागेल, ही माझी धास्तीही त्यानेच घालवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे उच्च न्यायालय नव्या मध्य प्रदेशाचे ठरून जबलपूरला गेले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. आमचा निकाल नेमका त्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. तो आता कोणत्या राज्यात शोधायचा? कुठेच नाही. अपिलाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मूळ न्यायालयाकडे पाठवून तेथील कागदांत सामील करावी, असा संहितेचाच नियम आहे. वरचे सारे खाली परत आलेले असते.

एवढे ज्ञान झाल्यावर काम सोपे व्हायला हवे होते. पहिल्या दिवशी संबंधित लिपिक रजेवर होते. दुसऱ्या दिवशी वही "ऊपर की अलमारी में" होती आणि शिडी नव्हती. कोणी उद्धटपणे वागले नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. दोन माणसे पाच जणांचे काम करीत होती. तोवर मी माझे पद कोणाला सांगितले नव्हते. सामान्य नागरिक म्हणून हे काम होते का ते पाहायचे, असा काहीसा हट्ट होता, आणि खरे सांगायचे तर त्यात थोडी ऐटही होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऐट सोडली. परतीचे आरक्षण रात्रीचे होते. राज्याच्या राजधानीत असलेल्या एका जुन्या मित्राला फोन केला. अर्ध्या तासात मला आत खुर्ची मिळाली, चहा आला, शिडी आली, वही आली. निकालाची तारीख होती १७ नोव्हेंबर १९५३. बस्ता पाचच्या सुमारास टेबलावर होता.

त्या तीन दिवसांत खिडकीपाशी माझ्या पुढे एक शेतकरी उभा असे. त्याला वडिलांच्या नावचा १९७८ चा हुकूमनामा हवा होता. मला वाटते, त्याची ती चौथी खेप होती. मी बाहेर आलो तेव्हा त्याने अगदी साधेपणाने विचारले, "साहब, आपने कौन-सा फार्म भरा था?"

"यही," मी म्हणालो. ते खरेही होते.

मग त्याच्याशेजारी बाकावर बसून, नोंदवहीतून तारीख शोधून द्यावी असा अर्ज मी त्याला लिहून दिला. त्याने सही केली. तो अर्ज घेऊन पुन्हा आत जावे आणि माझ्या खुर्चीचा आणखी एकदा उपयोग करावा, असे मनात आले होते. गाडीला दोन तास होते. मी गेलो नाही. का गेलो नाही याचे नीट उत्तर मला अजून देता आलेले नाही. मित्राची भीड आणखी घालायची नाही, असे तेव्हा स्वतःला सांगितले होते.

नकला महिन्याभरात आत्याच्या हाती आल्या आणि तारखेआधी वकिलांकडे पोहोचल्या. जबानी मात्र मिळाली नाही. मिसलेत निकालपत्र आणि हुकूमनामे राहिले होते. साक्षी आणि कैफियती मुदत संपल्यावर नियमाने नष्ट झाल्याची नोंद मुखपृष्ठावर होती, खाली सही आणि तारीख. अशा सह्या मीही आयुष्यात पुष्कळ केल्या आहेत. कागद कायम ठेवायचा तर कपाट कुठून आणायचे, हा प्रश्न मला नवा नाही.

निकालपत्र इंग्रजीत होते. मार्चमध्ये गेलो तेव्हा आत्याला ते मराठीत सांगत वाचून दाखवले. चौथ्या पानावर न्यायाधीशांनी आजोबांच्या साक्षीचा सारांश तीन ओळींत दिलेला आहे: साक्षीदार म्हणतो की, मागील अंगणातील विहीर त्याने स्वतःच्या पगारातून खणवली आणि दुष्काळी वर्षी सर्व शेजाऱ्यांना पाणी भरू दिले.

आत्याने ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मी वाचले.

"विहीर नाही रे," ती म्हणाली. "आड होता तो. दादा आडच म्हणाले असणार."