शेजारची पोर रडली तेव्हा

जठारपेठेत आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. गेल्या नाताळात आमची धाकटी त्यांच्या मुलीला म्हणाली, "तुमचे तर तीन देव!" ती पोर रडतच घरी गेली.

आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' काढलं आणि लेकीला जवळ बसवलं. ख्रिस्ती लोक तीन देव मानत नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, असं ते म्हणतात. पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे, हे इ.स. 325 मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेनं ठरवलं. आम्हांला ते मान्य नाही. सूरह इख्लासनं आमचा अकीदा स्पष्ट केला आहे. हजरत ईसा अलैहिस्सलाम अल्लाहचे पैगंबर, बीबी मरियमचे पुत्र. पण दुसऱ्याचं म्हणणं मोडून-तोडून सांगणं हा इन्साफ नव्हे. किताबवाल्यांशी बोलायचं तर उत्तम रीतीनंच, ही सूरह अनकबूतची ताकीद आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात येशूंना सर्वांत मोठी आज्ञा विचारली जाते. देव एकच आहे, त्याच्यावर मनापासून प्रेम करा, आणि शेजाऱ्यावरही, असं ते सांगतात.

"म्हणजे तिच्यावर?" लेकीनं विचारलं.

आम्ही मान डोलावली. संध्याकाळी ती एकटीच त्यांच्या दारी गेली.