गंगापूरचे पाणी, मालेगावची कांडी

नाशिकला नदी आहे तसा धरणांचाही शेजार आहे. गंगापूर, दारणा, मुकणे, पलीकडे वैतरणा. रविवारी दुपारी यांपैकी कुठल्याही काठावर गेले की डोक्याला रुमाल बांधून उकिडवे बसलेले दोन-चार गळवाले दिसतातच. पूर्वी त्यांच्या हातात बांबूची काठी असे आणि टोकाला तंगूस बांधलेला. आता मुलांकडे दुकानातल्या काठ्या आल्या आहेत, त्यांच्या पोटाखाली लटकणारे स्पिनिंग रीळ असते. मालेगावच्या आमच्या भाच्याने ईदीचे पैसे साठवून तसलेच एक घेतले आणि सुट्टीत तो आमच्याकडे आला तो गंगापूरचा ध्यास घेऊनच.

डबे भरून आम्ही सहाजण निघालो. शहर सुटते, सोमेश्वर मागे पडते, द्राक्षबागा सुरू होतात आणि मग अचानक समोर पाणी पसरते. गोदावरीवरचे हे धरण मातीचे. नाशिककर घरोघरी जे पाणी पितात त्याचा मोठा भाग इथलाच, हे मुलांना दरवेळी नव्याने सांगावे लागते. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी विचारून घ्यावे. आम्ही विचारले. भिंतीच्या बाजूला जाऊ नका, एवढेच त्यांनी बजावले.

पाणी शांत होते, मरळ अधूनमधून उसळी घेत होती, पण आमच्या काठीला दुसऱ्याच कशाने पछाडले होते. दोन-चार फेकी नीट जात. मग तंगूस सैल पडला की स्वतःभोवतीच गुरफटे, आणि पुढच्या फेकीला रिळावरून पाच-सहा वेढे एकदम सुटून सुगरणीचे घरटे तयार! असरची वेळ होईपर्यंत भाच्याने तीनदा चाकू चालवला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर नवाकोरा तंगूस होता. पोर रडवेले झाले. हे रीळच खोटे आहे, विकून टाकतो, असे म्हणू लागले.

उत्तर मिळाले ते शंभरेक किलोमीटरवर. सुट्टी संपल्यावर त्याला पोहोचवायला आम्ही मुंबई-आग्रा महामार्गाने निघालो. पिंपळगाव, चांदवड, राहूडचा घाट आणि मग मालेगाव. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी मोसम नदीकाठचे हे गाव मोठे केले. त्याच्या नानींनी आयुष्यातील बरीच वर्षे कांड्या भरल्या. आता डोळे साथ देत नाहीत, घरातले मागही विकले गेले. त्यांनी तंगूस दोन बोटांत धरून थोडा सैल सोडला, तो झटकन वेटोळला. "बल चढ गया है," त्या म्हणाल्या. उर्दूतला बल तो मराठीतला पीळ.

मग त्यांनी शिलाईच्या डब्यातली फीत काढून एका डब्यावर गुंडाळली. डबा आडवा धरून गडगडत फिरू दिला तर फीत सपाट उलगडत आली. डबा उभा, स्थिर ठेवून फीत वरच्या तोंडाने ओढली तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ पडला. वाचकांनी घरी करून पाहावे, मुले हे विसरत नाहीत. मागावरचे ताण्याचे बीम फिरते, म्हणून ताण्याला पीळ चढत नाही. धोट्यातली कांडी जागची हलत नाही, बाणा तिच्या टोकावरून सुटतो. स्पिनिंग रीळ म्हणजे दुसरे काय? तेही फिरत नाही. बाहेरची तारेची कमान त्याच्याभोवती फिरून तंगूस गुंडाळते. असे रीळ 1905 साली पेटंट करणारा अल्फ्रेड इलिंगवर्थ हा ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गावचा, कापडधंद्याच्या घराण्यातला होता, हे कळल्यावर नानींना मुळीच आश्चर्य वाटले नाही.

रीळ साडेचार सेंटिमीटर व्यासाचे धरले तर एक वेढा सुमारे 14 सेंटिमीटरचा. 28 मीटरची फेक म्हणजे 200 वेढे. फेकताना जेवढे पीळ पडतात तेवढेच गुंडाळताना उलटे पडतात, हिशेब मिटतो. मिटत नाहीत ते बाहेरून आलेले पीळ. भाच्याचे पहिले दुखणे तंगूस भरण्यातच होते. नव्या तंगुसाची चकती जमिनीवर आडवी ठेवावी, लेबल वर. पंधरा-वीस फेरे गुंडाळून हात पुढे करावा आणि तंगूस सैल सोडावा. वेटोळे पडले तर चकती उलटावी. भरताना तंगूस बोटांत हलका दाबून ताणात ठेवावा, आणि रिळाच्या काठाच्या 2-3 मिलिमीटर खाली थांबावे. शिगोशीग भरले तर वेढे आपोआप गळतात.

दुसरे दुखणे अधीरपणाचे. मासा ओढत असतो, ड्रॅग कर्रकर्र सुटत असतो आणि मूठ फिरतच असते. मुठीच्या एका फेऱ्याला कमान पाचदा फिरत असेल, तर वीस फेऱ्यांत शंभर पीळ, आणि तंगूस मात्र इंचभरही आत येत नाही. ड्रॅग सुटत असेल तेव्हा मूठ थांबवायची, काठीने ओढून घ्यायचे आणि काठी खाली आणताना गुंडाळायचे. फेकीनंतर कमान मुठीने न लावता हाताने लावून सैल तंगूस एकदा ओढून घ्यावा. फिरती पत्री असलेले आमिष लावायचे असेल तर त्याच्या थोडे आधी दोन्ही टोकांनी स्वतंत्र फिरणारी कडी हवी. दुकानात तिला स्विव्हेल म्हणतात, किंमत फुटकळ असते.

आधीच चढलेला पीळ उतरवायचा तर टोकाला काहीही बांधायचे नाही, मणीसुद्धा. त्याच संध्याकाळी मोकळ्या मैदानात भाचा पन्नास-साठ पावले गवतातून तंगूस ओढत चालला, आणि मग बोटांच्या चिमटीतून तो परत गुंडाळला. सुटे टोक गवतात गरगर फिरताना दिसत होते.

गुंता कापून काठावर टाकून देणाऱ्यांचा मात्र आम्हाला राग येतो. गंगापूरचे पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून 2020 च्या जानेवारीत त्याची घोषणा झाली. हिवाळ्यात तिथे हजारो पाखरे उतरतात, त्या अभयारण्यात गळ न्यायचाच नाही. पण वरच्या अंगाला फेकलेला नायलॉनचा तुकडा कुजत नाही, आणि चिखलात चालणाऱ्या पक्ष्याच्या पायाला त्याचा फास बसला तर तो स्वतःहून सुटत नाही. गंगापूरच्या काठावर भाच्याने कापलेले सगळे तुकडे आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आणले होते. नानींनी त्यातला एक बरा, लांबसा तुकडा निवडला, दोन्ही टोके पिरगाळून पीळ उतरवला आणि महिन्याभरापूर्वी तुटलेली तसबीह त्यावर ओवून घेतली.