खंडणीचें नवें रूप

पूर्वीचा दरोडेखोर माल उचलून नेई. आतांचा माल जागच्या जागीं ठेवून त्यास कुलूप लावतो व किल्लीची किंमत सांगतो; कित्येकदां जातांना नक्कलही नेतो. ‘रॅन्समवेअर’ म्हणतात तें हेंच.

२७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांत हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीवाटे ‘नॉटपेट्या’ नामक उपद्रव पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क ह्या जहाज-कंपनीचे संगणक कांहीं तासांत निकामी झाले. आपल्या न्हावाशेवा बंदरांतील तिच्या समूहाचा धक्काही बंद पडला. पडद्यावर ३०० डॉलरांची मागणी होती. तथापि खंडणी हा नुसता मुखवटा. पैसे भरूनही कुलूप उघडणें शक्य नव्हतें. मायक्रोसॉफ्टनें संबंधित छिद्र बुजविण्याची सोय मार्चमध्येंच दिली होती. पण छिद्र बुजविलेलीं यंत्रेंही वांचलीं नाहींत, कारण एका यंत्रांतून चोरलेल्या संकेतशब्दांनीं तो उपद्रव दुसऱ्यांत शिरे. सर्व दालनांची किल्ली एकाच जुडग्यांत ठेवण्याचें हें फळ!

कंपनीच्या साऱ्या जाळ्याची नोंद ठेवणारे मुख्य संगणक जगभर विखुरलेले असून ते परस्परांच्या प्रती ठेवीत. एक गेल्यास दुसरा आहेच, ही योजना. सर्व एकदम जातील हें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. वांचला तो आफ्रिकेंतील घाना देशांतला एकच, आणि तोही तेथें त्या वेळीं वीज गेली होती म्हणून! त्या प्रतीच्या आधारें सुमारें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे केले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचें झालें. आमच्या वैदिकांनीं मंत्र निरनिराळ्या घराण्यांच्या मुखीं ठेवले, तेव्हां एका घरची आग दुसऱ्याच्या पाठास पोंचत नसे. मर्स्कच्या प्रती मात्र एकाच तारेंत ओंवलेल्या होत्या.

आमच्या पुतण्याची औषधांची घाऊक पेढी आहे. “काका, नक्कल रोज होते,” असें तो मोठ्या ऐटीनें सांगे. जाऊन पाहतों तों नकलेची डबी संगणकास अहोरात्र जोडलेली! जो संगणकास कुलूप लावील, तो त्याच तारेनें डबीपर्यंत जाणार नाहीं काय? आतां डब्या दोन झाल्या आहेत. एक सोडवून आळीपाळीनें वहिनींच्या कपाटांत जाते, व महिन्यांतून एकदां एखादें जुनें बिल तिच्यांतून परत निघतें कीं नाहीं तें पाहण्यांत येतें. किल्ली देण्यापूर्वीं वहिनी मागच्या खेपेची तारीख विचारतात.