बुध्याचे व्रत

कादंबरी लिहिणाऱ्याला एक वाईट खोड असते. माणूस भेटला की त्याच्या मागे काय घडले असेल, ते तो मनातल्या मनात रचू लागतो. मी जेमतेम मॅट्रिक झालेला मास्तर. पण ही खोड मात्र मला पुरेपूर आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत एका तेरा वर्षांच्या मुलाने तिला चांगलाच चाप लावला.

झाले असे, की माझा पुण्याचा भाचा तळोद्याला आला. बरोबर बारा मार्करांचे पाकीट आणि एक खेळ. अशा तऱ्हेचा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रथम छापून निघाला. प्रत्येकाने एक माणूस कल्पायचा, त्याचे चित्र काढायचे, त्याची मागची हकिगत ठरवायची, आणि मग फाशांच्या दानाप्रमाणे त्याच्या तोंडून बोलायचे. मला मौज वाटली. सोंग घेणे सातपुड्याला का नवे आहे? काठीच्या होळीला बुध्या, बावा, मोरखी बनून माणसे रात्रभर नाचतात, आणि सोंग घेतले की व्रतही घेतात. खाटेवर निजायचे नाही, पायांत वहाण घालायची नाही. सोंग आणि माणूस यांत तेवढे दिवस अंतर राहत नाही.

ओटीवर चार मुले जमली. कुणी तलवारवाला काढला, कुणी जादूगार. पुनर्वसन वसाहतीत राहणारा माझा एक विद्यार्थीही आला होता. तो बराच वेळ कोऱ्या कागदाकडे नुसता पाहत बसला.

"काय रे, सुचत नाही का?" मी विचारले.

"सर, यात पांढरा नाही."

त्याला बुध्या काढायचा होता. बुध्याच्या काळ्यासावळ्या अंगावर राखेचे पांढरे ठिपके असतात. मार्करचा रंग एकदा बसला की त्यावर पांढरे काही उमटत नाही. ते आधीच कोरे सोडावे लागते. मुलाने पेन्सिलीने बारीक वर्तुळे आखली आणि ती सांभाळत बाकीचे अंग रंगवले. डोक्यावर टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू. काम मोठे नेटके झाले.

"आता याची हकिगत सांग," भाचा म्हणाला.

"होळी झाली. हा गावी व्रत सोडायला निघाला. तर गाव पाण्याखाली. म्हणून व्रत सुटलंच नाही. अजून असाच फिरतो."

ओटीवर कुणी बोलले नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे आली. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना आमच्या तालुक्यात जमीन मिळाली, आणि त्यासाठी तळोद्याचे ४,२०० हेक्टर जंगल मोकळे केले गेले. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिले आहेत. मुलांनी ते उतरून घेतले, मी पुसले.

"हा तुझा आजा का रे?" मी हळूच विचारले.

"नाही सर. हा खेळातला आहे."

मी ओशाळलो. वर्गात मीच सांगतो, की गोष्टीतल्या माणसाला घरच्या माणसाचे नाव चिकटवू नये. तरी माझी खोड जाईना. मी म्हटले, "अरे, इथे तापी जवळच आहे. तिथे अंघोळ करू दे त्याला. व्रत सुटेल."

त्याने मान हलवली. "व्रत घेतलं ते गाव बघत होतं, सर. इथं त्याला कोण ओळखतं?"

त्या रात्री मी वही काढली आणि त्या बुध्यावर दोन पाने लिहिली. शेवट छान जुळला होता: पहाट, नदी, पाण्यात उतरणारा माणूस. सकाळी वाचून पाहिले आणि ती पाने फाडली. जे त्या मुलाने कोरे ठेवले होते, ते मी एका रात्रीत रंगवून टाकले होते.

शाळा उघडल्यावर मी त्याला विचारले, "तुझ्या बुध्यावर लिहू का रे?"

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "लिहा सर. पण त्याचं व्रत सोडवू नका."

म्हणून येथेच थांबतो.