पाळणाघराची वही

१९९६ साली बेळगावात, शहापुरातल्या आमच्या घरी पाळणाघर सुरू केलं. भांडवल म्हणाल तर जुन्या साड्यांच्या दोन झोळ्या, एक स्टोव्ह आणि सासूबाईंचा होकार. त्यातला होकारच महाग पडला. "दुसऱ्याचं मूल म्हणजे पदरात निखारा," असं त्यांचं म्हणणं.

रीतसर नोंदणी करावी म्हणून एका कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, "कारखाना आहे का? बायका किती कामाला?" १९४८च्या कारखाना कायद्यानं तीसहून अधिक बायका कामाला असतील तिथे पाळणाघर लागतं, एवढंच त्याला ठाऊक. (पुढे २०१७ साली पन्नास माणसं असलेल्या कचेऱ्यांनाही ते लागू झालं.) माझ्या माजघरातल्या पाळणाघराला कुठला फॉर्म, हे त्याच्या साहेबांनाही सांगता येईना. परतताना दोनशे पानी वही घेतली. सरकार नोंद ठेवत नाही, तर आपण ठेवू!

पहिली आली बँकेतल्या अक्कांची दोन वर्षांची मुलगी. अक्का मराठी छान बोलायच्या, पण वाचायच्या कन्नडच. म्हणून मी सांगे नि माझा दहावीतला मुलगा वहीत कन्नडमध्ये लिही. दूध किती, शी केव्हा, झोप किती. झोपेचं श्रेय मात्र शेजारच्या यंत्रमागांचं. त्या खडखडाटात पोर डाराडूर. वीज जाऊन माग थांबले की टक्क जागी.

तिसऱ्या आठवड्यात मी मसूर निवडत होते. दारात भाजीवाली आली, उठले. दोन मिनिटं, जास्त नाही. परत येते तर पोरीच्या नाकात मसूर. तशीच अनवाणी तिला घेऊन दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी चिमट्यानं दाणा काढला नि पोर हसायला लागली. माझे पाय मात्र थरथरत होते.

"खेळतेय ना? मग लिहितेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून पाठवणार नाहीत." महिना दीडशे रुपये, आणि ह्यांचा माग तेव्हा निम्मे दिवस बंद. खोटं कशाला सांगू, मीही वही मिटून ठेवली होती.

साडेपाचला मुलानं ती उघडली. "आई, 'चुकून गेला' लिहू, की 'माझी चूक'?"

"माझी चूक."

त्यानं लिहिलं, 'नन्न तप्पु'.

अक्कांनी उंबऱ्यातच वाचलं. पोरीची मान मागं करून उजेडात नाक पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. वहीही घेऊन गेल्या. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी पावणेदहाला दारात रिक्षा थांबली. अक्कांनी पोर माझ्या कडेवर दिली, वर वही, आणि घाईनं गेल्या. आत कन्नडमध्ये दोन ओळी. मुलगा शाळेत! दिवसभर मी त्या अक्षरांकडे पाहत होते.

संध्याकाळी त्यानं वाचून दाखवलं : 'मसूर वरच्या फळीवर ठेवा. दूध साडेदहाला द्या.'

मसूर मी आदल्या रात्रीच फळीवर चढवले होते.