खांद्यावरचे तारे, यादीतली जागा

बंगळूर मेट्रोच्या यलो लाइनचं शेवटचं स्टेशन बोम्मसंद्रा. 10 ऑगस्ट 2025 रोजी ही लाइन सुरू झाली आणि होसूर रोडवरचा हा कारखान्यांचा पट्टा शहराला जोडला गेला. इथं औषधांचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत, नारायणा हेल्थ सिटी आहे आणि आसपासच्या सोसायट्यांमध्ये फौजेतून निवृत्त झालेली बरीच माणसं आहेत. बंगळूर जुनं लष्करी शहर. मद्रास सॅपर्सचं केंद्र इथं, रसद कोअरचं एएससी सेंटर इथं, पॅराशूट रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र इथं आणि हवाई दलाची ट्रेनिंग कमांडही इथंच. त्यामुळे एकाच इमारतीत पायदळाचा कर्नल, नौदलाचा कॅप्टन आणि हवाई दलाचा ग्रुप कॅप्टन शेजारी-शेजारी राहतात. हे तिघं एकाच पायरीवरचे. पायदळाचा कॅप्टन मात्र नौदलाच्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. नागरी माणसाचा यात गोंधळ होतो. फौजेत तो होत नाही, कारण समकक्ष हुद्द्यांचा तक्ता प्रत्येकाला पाठ असतो. भांडण त्या तक्त्यावरून होतच नाही. होतं ते वेगळ्याच कागदावरून.

*

तो कागद म्हणजे ज्येष्ठतेची यादी आणि तिच्या शेजारी ठेवलेला रिक्त जागांचा हिशेब.

ओळखीतले एक निवृत्त लेफ्टनंट कर्नल, मूळचे साताऱ्याकडचे, पायदळात भरती झाले. डोंगरातल्या एका अपघातात गुडघा गेला. वैद्यकीय श्रेणी उतरली आणि त्यांची दुसऱ्या एका कोअरमध्ये बदली झाली. हुद्दा तोच राहिला, खांद्यावरचा अशोकस्तंभ आणि तारा तसाच, कमिशनची तारीखही तीच. मला वाटलं, मग गेलं काय? ते म्हणाले, “अहो, बॅच तीच राहते, पण कर्नलच्या बढतीचं बोर्ड बसतं ते कोअरच्या जागांवर. माझ्या जुन्या पलटणीतले बॅचमेट कर्नल झाले. मी नव्या घरात रांगेच्या शेवटी.” त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मला मात्र ते ऐकून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. गुडघा देशासाठी गेला, आणि त्याची किंमत त्यांनी दोनदा मोजली.

*

आर्म्स आणि सर्व्हिसेस हा फरक नीट समजून घ्यायला हवा. पायदळ, रणगाडे ही लढणारी दलं. रसद, शस्त्रभांडार, दुरुस्ती ही सेवा दलं. मधे तोफखाना, सिग्नल्स, इंजिनिअर्स ही लढाऊ साहाय्यक दलं. अकादमीतून बाहेर पडताना पसंती विचारली जाते, पण कोणती कोअर मिळेल हे शेवटी सैन्य ठरवतं. म्हणजे विशीतल्या पोराच्या एका वाटपावर चाळिशीतली बढती अवलंबून राहते.

कारगिलनंतर बटालियनचे कमांडर अधिक तरुण हवेत असा विचार पुढं आला. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशीनंतर 2004 पासून 2 वर्षांत कॅप्टन, 6 वर्षांत मेजर, 13 वर्षांत लेफ्टनंट कर्नल असा वेळेनुसार हुद्दा मिळू लागला. इथवर सगळ्या कोअर समान. कर्नल हा पहिला निवडीचा हुद्दा, आणि तिथं वाट फुटते. कर्नलच्या वाढीव जागा 2009 मध्ये ‘कमांड एक्झिट’ पद्धतीनं वाटल्या गेल्या. हिशेब असा: ज्या दलात कमांडचा काळ छोटा, त्या दलाला अधिक कर्नल लागणार. पायदळ आणि तोफखान्याला मोठा वाटा गेला. इतर दलांतले अधिकारी लष्करी न्यायाधिकरणात गेले. मार्च 2015 मध्ये न्यायाधिकरणानं ते धोरण रद्द केलं. फेब्रुवारी 2016 मध्ये लेफ्टनंट कर्नल पी. के. चौधरी यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धोरण कायम ठेवलं, पण लढाऊ साहाय्यक दलांसाठी कर्नलची 141 जादा पदं निर्माण करायला सांगितलं.

या निकालाबद्दल मी दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोललो आहे. पायदळवाला सांगतो की गोळी आधी आम्हाला लागते, कमांडर तरुणच हवा. खरं आहे. सिग्नल्सवाला सांगतो की मीही त्याच बंकरमध्ये होतो. तेही खरं आहे. धोरणाचा हेतू चांगला होता. चूक एवढीच की नियम बदलला तेव्हा जी माणसं आधीच निम्म्या वाटेवर होती, त्यांना दुसरी वाट कुणी दिली नाही.

*

वेळेनं मिळणारा कर्नलही असतो, 26 वर्षांच्या नोकरीनंतर. बिल्ला तोच, अशोकस्तंभ आणि दोन तारे. पण त्याला बटालियन मिळत नाही आणि काम लेफ्टनंट कर्नलच्या पदाचंच राहतं.

*

हे शहर आणि हुद्द्याचा प्रश्न यांची गाठ जुनी आहे. 1638 मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर शहाजीराजे इथं आले आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीत गेलं. त्याआधीचा त्यांचा प्रवास पाहा: निजामशाही, मग 1630 मध्ये मोगलांकडे पंचहजारी मनसब, मग पुन्हा निजामशाहीची बाजू, शेवटी आदिलशाही. मोगली चाकरी त्यांनी का सोडली? मनसब कुणी काढून घेतली नव्हती. त्यांच्याकडचा मुलूख 1632 मध्ये मोगलांनी निजामशाहीचा वजीर फत्तेखान याला देऊन टाकला. हुद्द्याचा आकडा कागदावर शाबूत, पण त्या आकड्यामागची जमीन गेली. साताऱ्याच्या त्या लेफ्टनंट कर्नलसाहेबांची गोष्ट मला इथं आठवतेच.

मोगलांनी मनसबीचे दोन भाग केले होते. ‘जात’ म्हणजे माणसाचा स्वतःचा मान आणि पगार, ‘सवार’ म्हणजे त्यानं किती घोडेस्वार बाळगायचे. मान वेगळा आणि कमान वेगळी, हे त्यांनी उघड लिहून ठेवलं होतं. आजच्या फौजेत दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबलेल्या आहेत आणि बरेच तंटे तिथून निघतात.

*

आग्रा, 12 मे 1666. मराठी माणसाला हुद्द्याच्या तंट्याची याहून मोठी आठवण नाही. शिवाजी महाराजांना दरबारात पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. पुरंदरच्या तहानंतर त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला, संभाजीराजांना, पंचहजारी मिळाली होती. आदल्याच काही आठवड्यांत मोगलांकडे गेलेले नेतोजी पालकरही पंचहजारी झाले होते. मुलाच्या आणि आपल्या जुन्या सरनोबताच्या रांगेत राजा उभा. महाराजांचा संताप आपण शाळेपासून वाचत आलो, पण तो केवळ मानी स्वभावाचा म्हणून वाचतो. मला तो नेमक्या प्रशासकीय मुद्द्यावरचा वाटतो: येण्याआधी रांग कोणती ते सांगितलं नव्हतं. मिर्झाराजे जयसिंगांनी शब्द दिला होता, पण दरबारात शब्दाला जागा नव्हती.

*

सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले. सिंगापूर पडलं तेव्हा ते ब्रिटिश हिंदी सैन्यात लेफ्टनंट कर्नल होते. आझाद हिंद फौजेत मेजर जनरल झाले. स्वातंत्र्यानंतर पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना त्यांनी उभी केली. पण आझाद हिंद फौजेतल्या लोकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यानं परत घेतलं नाही, मग तिथल्या हुद्द्याचं काय करायचं हा प्रश्नही कधी टेबलावर आला नाही.

नोव्हेंबर 1945 मध्ये लाल किल्ल्यात खटला उभा राहिला तो ‘कॅप्टन’ शाहनवाज खान यांच्यावर. आझाद हिंद फौजेत ते मेजर जनरल होते. सरकारनं तो हुद्दा मानला नव्हता.

*

संस्थानी फौजा. बंगळूरच्या जे. सी. नगरात म्हैसूर लान्सर्सचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात, 23 सप्टेंबर 1918 रोजी, हैफा शहर घेणाऱ्या घोडदळात हे लान्सर्स होते. विलीनीकरणानंतर त्यांचे स्वार 61 कॅव्हलरीत गेले, म्हैसूरचं पायदळ मद्रास रेजिमेंटमध्ये. आपल्याकडे कोल्हापूरची पलटण 19 मराठा झाली, बडोद्याची 20 मराठा. पलटणींच्या नावापुढे कंसात संस्थान टिकलं. अधिकाऱ्यांची मात्र छाननी झाली आणि सगळ्यांना जागा मिळाली नाही. महाराजांच्या फौजेत मेजर असलेल्या माणसाला देहरादूनहून आलेल्या तरुणांच्या यादीत कुठं बसवायचं, हे ठरवताना कुणाच्या घरात काय घडलं असेल, ते कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

*

कधी दलं एकत्र होतात आणि हुद्देच नवे केले जातात. 1 एप्रिल 1918 रोजी ब्रिटिश भूदलाचं आणि नौदलाचं विमानदल एकत्र करून रॉयल एअर फोर्स झाली. वर्षभराहून अधिक काळ सगळ्यांना भूदलाचे हुद्दे लावले. ऑगस्ट 1919 मध्ये स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर हे नवे हुद्दे आले, आणि 1932 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या हवाई दलानं तेच घेतले.

*

आता ज्या गोष्टीसाठी ही टिपणं करायला घेतली ती.

फौजेतला एक वर्ग दलं बदलतो आणि हुद्द्याचा तंटा जवळजवळ होत नाही. ते म्हणजे डॉक्टर. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून, आपल्या एएफएमसीतून, बाहेर पडलेला तरुण आर्मी मेडिकल कोअरचा अधिकारी होतो आणि तिन्ही दलांत कुठंही नेमला जातो. नौदलात गेला की पांढरा गणवेश आणि हुद्द्याआधी ‘सर्जन’. हवाई दलात गेला की निळा गणवेश. पुनिता अरोरा 2004 मध्ये एएफएमसीच्या प्रमुख झाल्या तेव्हा सैन्यातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल होत्या. पुढच्या वर्षी नौदलात गेल्या आणि व्हाइस ॲडमिरल झाल्या. आरती सरीन यांनी सैन्यात लेफ्टनंट ते कॅप्टन, नौदलात सर्जन लेफ्टनंट ते सर्जन व्हाइस ॲडमिरल, आणि हवाई दलात एअर मार्शल असे तिन्ही गणवेश घातले. ऑक्टोबर 2024 मध्ये त्या तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. साधना सक्सेना नायर एअर मार्शल होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये त्या लेफ्टनंट जनरल म्हणून सैन्याच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुख झाल्या.

इथं तंटा का होत नाही? कारण यादी एक आहे. महासंचालनालय एक, बढतीची रांग एक. गणवेश कोणताही असो, रांगेतली जागा हलत नाही. बंगळूरचं कमांड हॉस्पिटल हवाई दलाचं, पण तिथं तिन्ही दलांचे रुग्ण येतात, आणि कोणत्या गणवेशातल्या डॉक्टरनं तपासलं याची कुणाला पर्वा नसते.

*

याच शहरात जुन्या विमानतळ रस्त्यावर हवाई दलाची एअरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे. वैमानिक उडायला योग्य आहे की नाही, हे तिथं तपासलं जातं. एक अहवाल, आणि ज्यानं आयुष्यभर आकाश पाहिलं तो जमिनीवरच्या शाखेत जातो. हुद्दा राहतो. पण हवाई दलाचं सर्वोच्च पद आजवर उड्डाण शाखेकडेच गेलं आहे, आणि ते त्याला माहीत असतं.

नांदेड जिल्ह्यातल्या हस्तऱ्याचे विवेक राम चौधरी हवाई दलप्रमुख असताना, 8 ऑक्टोबर 2022 रोजी, वेपन सिस्टिम्स ही नवी शाखा जाहीर झाली. स्वातंत्र्यानंतरची ही पहिलीच नवी लढाऊ शाखा: क्षेपणास्त्रं, वैमानिकरहित विमानं, दोन आसनी विमानातला शस्त्रचालक. जुन्या शाखांतून इथं येणाऱ्यांची ज्येष्ठता कशी जुळवतात, यावर या शाखेचं पुढचं आयुष्य ठरेल.

*

चाळिशीत चुकलेला एक हुद्दा किती लांब जातो? पेन्शन हुद्द्यावर. ‘वन रँक वन पेन्शन’ 1 जुलै 2014 पासून लागू झालं, तेही हुद्दा आणि नोकरीची वर्षं पाहूनच. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत वॉर्डही हुद्द्यावर: अधिकाऱ्याला प्रायव्हेट, जेसीओला सेमी-प्रायव्हेट, जवानाला जनरल. आणि मागे राहिलेल्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच हुद्द्याच्या हिशेबात. म्हणून “एवढ्याशा ताऱ्यासाठी कोर्टात कशाला” असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. दाद मागायची तर महाराष्ट्रातल्या माणसानं लष्करी न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या पीठाकडे जायचं, कर्नाटकातल्यानं कोचीच्या. सत्तरी ओलांडलेला माणूस तेवढ्यासाठी फाईल घेऊन हिंडतो, ते हौसेनं नव्हे.

*

ऑगस्ट 2023 पासून भूदलात ब्रिगेडिअर आणि त्यावरच्या सगळ्यांचा गणवेश एक झाला: टोपी, बिल्ले, पट्टा, बूट सारखे. रेजिमेंटची खूण उतरली. चांगलं झालं. पण तोवर खालच्या पायऱ्यांवर कोअरनुसार वाटणी होऊन गेलेली असते.

*

थिएटर कमांड, म्हणजे तिन्ही दलांची एकत्र कमांड, येणार, असं काही वर्षं ऐकतो आहोत. त्या दिशेनं कायदाही झाला. आंतर-दल संघटनांचा 2023 चा कायदा 10 मे 2024 पासून लागू आहे. त्यामुळे नौदलाच्या ॲडमिरलला आपल्या हाताखालच्या पायदळाच्या जवानावर थेट शिस्तीची कारवाई करता येते. पूर्वी त्या जवानाला त्याच्या मूळ दलाकडे पाठवावं लागे. मधल्या फळीतले अधिकारीही एका दलातून दुसऱ्या दलाच्या तुकड्यांत नेमले जाऊ लागले आहेत.

अधिकार जुळवला, आता यादी जुळवा. दुसऱ्या दलात किंवा दुसऱ्या कोअरमध्ये पाठवलेल्या अधिकाऱ्याच्या बदलीच्या हुकमातच तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून, बढतीचं बोर्ड कुठलं, आणि जागा कुणाच्या खात्यातली. जखमेमुळे कोअर बदललेल्या माणसाला जुन्या कोअरच्या बोर्डापुढे एकदा तरी उभं राहायची संधी मिळावी. संरक्षण मंत्रालयानं हे थिएटर कमांड उभ्या राहण्याआधी करावं.