कोंबडीच्या भावातील संगनमत आणि ग्राहकाची भरपाई

अमेरिकेत मांसाच्या धंद्यातील संगनमताविरुद्ध गेल्या दहा वर्षांत जे दावे झाले, ते ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर अगदी लहान रकमांचे दावे आहेत, आणि त्यांची बरीचशी गुंतागुंत या लहानपणातूनच उद्भवते. पौंडामागे काही सेंट जादा मोजणाऱ्या कुटुंबाचे नुकसान वकिलाच्या फीपुढे नगण्य ठरते, त्यामुळे एकट्याने न्यायालयात जाण्याचा विचार कोणी करत नाही. परंतु असे नुकसान कोट्यवधी कुटुंबांचे झाले असेल, तर त्याची बेरीज प्रचंड होते आणि दाद मागणारा कोणी नसल्यामुळे ती सगळी संगनमत करणाऱ्यांच्याच पदरात राहते. ही अडचण ओळखून तिथल्या संघीय दिवाणी कार्यपद्धतीच्या 23व्या नियमात ‘क्लास अ‍ॅक्शन’, म्हणजे सामूहिक दाव्याची सोय आहे. थोडे ग्राहक सारखेच नुकसान सोसलेल्या सर्वांच्या वतीने वादी होतात, आणि जो मुदतीत स्वतःहून बाहेर पडत नाही, तो प्रत्येक ग्राहक त्या निकालाने किंवा तडजोडीने बांधला जातो. बांधले जाण्यासाठी ग्राहकाला काहीच करावे लागत नाही, पैसे मिळण्यासाठी मात्र बहुतेक वेळा अर्ज करावा लागतो. या दोहोंमधले अंतर किती मोठे आहे, याकडे कायद्याच्या चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही.

कोंबडीचा दावा सप्टेंबर 2016 मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात उभा राहिला. मोठ्या उत्पादक कंपन्यांनी पैदाशीसाठी ठेवलेल्या कोंबड्यांचे कळप एकाच सुमारास घटवून पुरवठा आखडता ठेवला, असा त्यातील मुख्य आरोप होता. अशा संगनमताचा कच्चा दुवा नेहमी आतच असतो, कारण भाव चढले की गुपचूप उत्पादन वाढवून जास्त माल खपवण्याचा मोह प्रत्येक भागीदाराला होतो आणि म्हणून एकमेकांवर नजर ठेवण्याचे साधन हाताशी असल्याखेरीज ते फार काळ टिकत नाही. वादींच्या मते हे साधन इंडियाना राज्यातील अ‍ॅग्री स्टॅट्स या कंपनीच्या अहवालांनी पुरवले. त्यांत कंपन्यांची नावे झाकलेली असत, पण उत्पादनाचे आणि खर्चाचे तपशील इतके बारीक असत की कोणता आकडा कोणाचा, हे धंद्यातल्या जाणकाराला ओळखता येई. कंपन्यांनी स्वतःच कळवलेल्या भावांवर बेतलेला ‘जॉर्जिया डॉक’ हा भावांकही याच वादात सापडला आणि 2016च्या अखेरीस थांबवण्यात आला.

पुढे टायसनने 9.9 कोटी डॉलर, पिलग्रिम्स प्राइडने 7.55 कोटी डॉलर आणि आणखी चार कंपन्यांनी तुलनेने लहान रकमा देऊन ग्राहकांशी तडजोड केली, तेव्हा एकूण निधी 18.1 कोटी डॉलरचा झाला. तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हे येथे नीट लक्षात घ्यावे लागते. पिलग्रिम्सने 2021 मध्ये वेगळ्या फौजदारी प्रकरणात गुन्हा कबूल करून सुमारे 10.8 कोटी डॉलर दंड भरला, तर तडजोड न करता खटला लढवणाऱ्या सँडरसन फार्म्सच्या बाजूने 2023 मध्ये ज्यूरीने कौल दिला. खटला चालवण्यात ग्राहकांनाही असा धोका असतो, म्हणूनच हाती येणारी रक्कम ‘न्याय्य, वाजवी आणि पुरेशी’ आहे की नाही, हे न्यायाधीशांना तपासावे लागते.

या निधीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. ग्राहक कोंबडी दुकानातून घेतो, उत्पादकाकडून नव्हे, आणि अशा अप्रत्यक्ष खरेदीदाराला संघीय कायद्याखाली नुकसानभरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ‘इलिनॉय ब्रिक’ खटल्यात ठरवले. हा अडसर अनेक राज्यांनी आपापल्या कायद्याने दूर केला, काहींनी केला नाही. परिणामी शिकागोच्या उपनगरातील मराठी कुटुंब या तडजोडीत बसले आणि तीच कोंबडी तितक्याच भावाने घेणारे डॅलसचे मराठी कुटुंब बाहेर राहिले. शिवाय ज्या मालावर हलाल, कोशर किंवा सेंद्रिय अशी नोंद होती, तो दाव्याच्या व्याख्येतूनच वगळलेला होता, त्यामुळे हलाल मटणवाल्याकडून कोंबडी घेणाऱ्या दक्षिण आशियाई घरांची ती खरेदी मोजली गेली नाही.

तडजोडीत धरलेल्या 2009 ते 2020 या बारा वर्षांतील पावत्या कोणी जपून ठेवत नाही, हे ओळखून अर्जासोबत त्या मागितल्या गेल्या नाहीत. खोटे लिहिल्यास शपथभंगाची जबाबदारी स्वीकारून दिलेले निवेदन पुरेसे धरले गेले. वकिलांचे मानधन आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम अर्जदारांमध्ये प्रमाणशीर वाटली जाते, म्हणून अर्ज जितके कमी, तितका प्रत्येकाचा वाटा मोठा. मानधनाची सुरुवातीला मंजूर झालेली 5.74 कोटी डॉलरची रक्कम वरिष्ठ न्यायालयाने 2023 मध्ये रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवली, आणि हे घडले ते समूहातील एका सदस्याने घेतलेल्या हरकतीमुळे. हरकतीचा हा अधिकार प्रत्येक सदस्याला असतो, पण तो फार थोडे जण वापरतात.

अर्जाची पद्धत कितीही सोपी केली, तरी सूचना वाचणारा, इंग्रजी जाणणारा, संगणकाशी सराव असलेला ग्राहकच तिच्यापर्यंत पोहोचतो, आणि ज्या घरात किराण्यावर मिळकतीचा मोठा हिस्सा खर्च होतो, ते घर मागे पडते. हे अटळ नाही, याचा पुरावा वॉशिंग्टन राज्याने दिला आहे. तिथल्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने कोंबडी आणि डबाबंद ट्यूना मासळीच्या प्रकरणांत मिळवलेले सुमारे 4 कोटी डॉलर, कोणताही अर्ज न मागवता, चार लाखांहून अधिक कमी उत्पन्नाच्या घरांना धनादेशाने थेट पाठवले, एकट्या व्यक्तीस 50 आणि एकाहून अधिक माणसांच्या कुटुंबास 120 डॉलर. या वाटपात ज्याने जितकी कोंबडी घेतली तितकी भरपाई, असा काटेकोर हिशेब साधत नाही हे खरे. परंतु स्मरणावर भरलेल्या अर्जातूनही तो साधत नाही, आणि जिथे अचूकता दोन्हीकडे अशक्य आहे, तिथे ज्यांना भाववाढ सर्वांत जास्त झोंबली त्यांच्यापर्यंत पैसे नेणारी पद्धत निश्चितच श्रेष्ठ मानली पाहिजे.

अशाच संगनमताच्या आरोपावरून डुकराच्या मांसाचा दावा 2018 पासून आणि गोमांसाचा 2019 पासून मिनेसोटाच्या संघीय न्यायालयात चालू झाला. गोमांसाच्या प्रकरणात टायसनने 5.5 कोटी आणि कारगिलने 3.25 कोटी डॉलर ग्राहकांना देण्याचे 2025 मध्ये मान्य केले, आणि त्यात ऑगस्ट 2014 ते डिसेंबर 2019 या काळातील खरेदी धरली आहे. येथेही भरपाईचा मार्ग अर्जाचाच आहे. अशा दाव्यांत हक्क ठरतो तो खरेदी कोणत्या राज्यात आणि कोणत्या काळात झाली यावर, आज मुक्काम कुठे आहे यावर नव्हे. त्यामुळे त्या वर्षांत तिथे शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आणि आता पुण्या-मुंबईला परतलेल्या माणसांचाही त्या निधीत हिस्सा असू शकतो, मात्र तिथल्या जुन्या पत्त्यावर जाणारी सूचना त्यांच्या हाती पडत नाही.